काट्यावरचे वजन आणि पायांतले बळ

प्रताप नगर ही नागपुरातील निवृत्तांची म्हणावी अशी वस्ती आहे. कचेऱ्या, बँका, महाविद्यालये यांतून सेवानिवृत्त झालेली मंडळी पहाटे उद्यानाच्या फाटकाशी जमतात आणि परस्परांना 'प्रकृती कशी आहे?' असे न विचारता 'किती उतरले?' असे विचारतात. उतरले म्हणजे वजन. ज्याचे अधिक उतरले त्याचा त्या दिवशीचा मान मोठा. त्याच वेळी जयताळ्याच्या बाजूने साठी उलटलेल्या काही स्त्रिया धुण्याभांड्यांच्या कामांसाठी झपझप पायी येत असतात. त्यांना हा प्रश्न कोणी विचारीत नाही. उतरण्याजोगे त्यांच्या अंगावर काही उरलेलेच नसते.

पक्षाच्या साप्ताहिकाने म्हाताऱ्यांच्या पोटाच्या घेराची चर्चा करावी काय, असा प्रश्न काही कार्यकर्त्यांच्या मनात येईल. या चर्चेला जे रूप आज आले आहे ते पाहता ती करणे आम्हांला अगत्याचे वाटते. देहाची सुस्थिती ही ज्याच्या त्याच्या संयमाची परीक्षा आहे, जाड मनुष्य आळशी व खादाड असतो आणि कृश मनुष्य निरोगी असतो, असा एक समज मध्यमवर्गात रुजला आहे. तो शास्त्राच्या कसोटीस उतरत नाही आणि न्यायाच्या तर नाहीच.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये वृद्धत्वाविषयीच्या देशव्यापी पाहणीची पहिली फेरी केली. पंचेचाळीस वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांची माहिती तीत घेतली गेली. साठीपुढील माणसांत चतुर्थांशाहून थोडे अधिक लोक उंचीच्या मानाने कमी वजनाचे आढळले आणि पंचमांशाच्या आसपास लोक अधिक वजनाचे. उद्यानात चर्चा होते ती दुसऱ्या गटाची. पहिला गट संख्येने मोठा असूनही आरोग्याच्या व्याख्यानमालेत त्याचा उल्लेखही होत नाही.

बरे, काट्यावरचा आकडा तरी काय सांगतो? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपले आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले होते. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून जो निर्देशांक येतो तो दोघांचाही अगदी एकच होता, २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! आपला भारतीय देह हाडकुळा दिसूनही आत चरबी साठवणारा आणि स्नायूंनी दरिद्री असतो. वाढत्या वयाबरोबर हे स्नायू आणखी झडतात. अशा वेळी केवळ उपासाने वजन उतरवू पाहणाऱ्याची चरबी जाते, तसे स्नायूही जातात. प्रस्तुत लेखकाने हा प्रयोग स्वतःवर केलेला आहे. चार महिन्यांत सात किलो उतरले, मित्रांनी अभिनंदन केले, आणि पुढे एका लग्नात जमिनीवरच्या पंगतीतून उठताना शेजाऱ्याचा खांदा धरावा लागला. अतिरिक्त वजन गुडघ्यांना आणि मधुमेहाला पोषक ठरते हे खोटे नव्हे. परंतु सत्तरीच्या माणसाचे स्वातंत्र्य ठरते ते त्याला खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठता येते की नाही यावर.

आणि हे बळ परत मिळवता येते. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा दुर्बल व्यक्तींना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम देण्यात आला. ज्यांनी तो पुरा केला त्यांच्या पायांची शक्ती सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढली. त्यांतील दोघांच्या हातची काठी सुटली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींतही वृद्धांसाठी केवळ चालणे पुरेसे मानलेले नाही. आठवड्यातून दोनदा स्नायूंचा आणि तीनदा तोल सांभाळण्याचा व्यायाम सांगितला आहे. विदर्भाला हे अवघड वाटू नये. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचे. बैठक म्हणजे तरी काय, तर बसणे आणि उठणे. आपण ती तरुणांची मानली आणि म्हाताऱ्यांच्या हाती जपमाळ दिली, एवढेच.

येथवरचे विवेचन उद्यानातल्या मंडळींच्या उपयोगाचे. जयताळ्याहून येणाऱ्या बाईंना त्यातून काय मिळाले? चालणे त्यांचे रोजचे आहे, उठाबशाही आहेत. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना वजन विचारले, तर म्हणाल्या, "अडतीस भरलं, सर. डॉक्टर म्हणे खात जा. काय खावं ते नाई सांगतलं." विश्रांतीवाचून आणि प्रथिनांवाचून केलेले श्रम स्नायू बांधीत नाहीत, झिजवतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांतील माणशी पाच किलो धान्य दिले, त्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु ते धान्यच आहे, डाळीला त्यात कायमचे स्थान नाही. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी २२५० उष्मांकांवर दारिद्र्याची रेषा आखली, डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी तिला आक्षेप घेतला, आणि आमच्या पिढीच्या अर्थशास्त्रज्ञांनी त्या वादावर वर्षानुवर्षे शाई खर्च केली. त्या साऱ्या हिशेबात म्हातारा मनुष्य सरासरीत विरघळून गेला होता. त्याला उष्मांक कदाचित कमी लागतील, पण प्रथिने तरुणापेक्षा कमी लागत नाहीत, हे आम्ही वर्गात कधी शिकवले नाही.

या संदर्भात जेरी मॉरिस यांचे नाव आपल्या कार्यकर्त्यांना ठाऊक असावयास हवे. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना करून त्यांनी १९५३ साली दाखवून दिले की, दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांना हृदयविकाराचा धोका जिने चढउतर करणाऱ्या वाहकांपेक्षा अधिक असतो. पुढे त्यांनी या कामगारांच्या गणवेशाच्या विजारींची कंबरेची मापे काढवली. चालकांची कंबर मोठी होतीच. परंतु सडपातळ, मध्यम आणि स्थूल अशा तिन्ही प्रकारच्या वाहकांना धोका कमीच आढळला. म्हणजे प्रश्न केवळ मापाचा नव्हता, त्यांच्या वाट्याला आलेल्या कामाचा होता.

मॉरिस ९९ वर्षे जगले, आणि नव्वदी उलटल्यावर त्यांनी जे काम केले ते आम्हांला अधिक मोलाचे वाटते. वृद्धांना निरोगी राहण्यासाठी आहार, ऊब, फिरणे, मित्रमंडळींत मिसळणे या सर्वांचा मिळून किमान खर्च किती, याचा वस्तुवार हिशेब त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडसाठी मांडला. २००७ साली तो प्रसिद्ध झाला, तेव्हा तो आकडा तेथील मूळ सरकारी निवृत्तिवेतनापेक्षा सुमारे निम्म्याने अधिक निघाला. शासनाचे आरोग्यखाते जे करा म्हणून सांगते, ते शासनाचेच निवृत्तिवेतन करू देत नाही, ही विसंगती त्यांनी पौंड-पेन्सांत दाखवून दिली.

आपल्याकडे असा हिशेब कोणी मागितला काय? महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेची रक्कम २०२३ साली दरमहा १५०० रुपये करण्यात आली. दिवसाचे ५० रुपये. भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेखालील किमान निवृत्तिवेतन २०१४ साली दरमहा १००० रुपये ठरले, दिवसाचे ३३. ज्या एम्प्रेस मिलने १८७७ पासून या शहराचे धूर आणि भोंगे सांभाळले, ती २००२ साली बंद झाली. अशा गिरण्यांच्या खात्यांत उभे राहून ज्यांनी गुडघे झिजवले, त्यांनी या रकमेत दूध घ्यावे की औषध, हे त्यांचे त्यांनी ठरवावयाचे. २०२४ साली राज्याने वयोश्री योजनेतून काठी, गुडघ्याचा पट्टा इत्यादी साधनांसाठी एकवेळचे ३००० रुपये देऊ केले. काठी अवश्य द्यावी. पण बोस्टनमध्ये ज्या दोघांची काठी सुटली, त्यांना दोन वेळचे पोटभर जेवण आणि शिक्षक मिळत होता.

म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येक शाखेने आपल्या प्रभागातील पन्नास वृद्धांच्या घरी जावे; निम्मे पक्क्या वसाहतींतले, निम्मे झोपडवस्तीतले. घरखर्चाची वही घ्यावी: डाळ किती, दूध किती, अंडी किती, औषध किती, भाडे किती. एक साधी खुर्ची ठेवून, हात न टेकता अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येते तेही मोजावे. त्यातून नागपूरपुरता किमान आरोग्यखर्च मांडता येईल आणि निवृत्तिवेतनाची मागणी त्या आकड्यावर उभी करता येईल. उद्यानांत ग्रीन जिमची यंत्रे आली, आता सकाळी तासभर शिकवणारा मनुष्य महापालिकेने नेमावा, आणि ज्यांना सकाळी उद्यानात येणे कामामुळे शक्य नाही त्यांच्या वस्तीतही तो जावा. वह्या छापून घेण्याचे काम प्रताप नगरच्या निवृत्त मंडळींनी अंगावर घेतले आहे. पहिली पन्नास घरे उन्हाळा तापण्यापूर्वी पुरी करावयाची आहेत.