रसद शत्रूच्या अंगावर

हल्ली हातात घेतलेल्या नेमबाजीच्या गेम्समध्ये 2020 चा ‘डूम इटर्नल’ सगळ्यात आडदांड. आडोशाला दबून बसणाऱ्याचं इथे काम नाही. गोळ्या संपल्या तर राक्षसावर करवत चालवायची, जीव खालावला तर त्याला अर्धमेला करून हातांनी संपवायचं, चिलखत हवं तर आधी पेटवून द्यायचं. रसद सगळी शत्रूच्या अंगावर, घुसल्याशिवाय मिळायची नाही. फिनलंडच्या हाउसमार्कचा ‘रिटर्नल’ वेगळ्याच जातकुळीचा. प्लेस्टेशन 5 च्या कंट्रोलरचा डावा ट्रिगर अर्धा दाबला की नेम धरला जातो आणि तिथेच बोटाला अडसर लागतो. जोर लावून तो ओलांडला की बंदुकीचा दुसरा मारा तयार. मला ही करामत चकचकीत ग्राफिक्सपेक्षा मोलाची वाटते. मेलात की मात्र यान कोसळलं तिथून पुन्हा श्रीगणेशा, हातातली बंदूकही गेली. (सकाळी ऑफिस असणाऱ्यांनी हा शनिवारीच लावावा.) ‘टायटनफॉल 2’ त्यामानाने आटोपशीर. त्यात एका टप्प्यावर मनगटावरच्या यंत्राने भूतकाळात आणि लगेच परत वर्तमानात उडी मारता येते. भिंतीवरून धावताना समोरची वाट तुटलेली दिसली, की बटण दाबून काळ बदलायचा आणि धावत राहायचं. तेवढ्यासाठी तरी तो खेळाच.