ते फरिश्त्यांची पूजा करतात का?

दर बुधवारी अंधेरी-बोरिवलीकडून स्लो लोकलने येणारे पुष्कळ लोक माहीमला उतरतात आणि नोव्हेनासाठी चर्चकडे चालू लागतात. त्यांत हिंदू असतात, पारशी असतात, आपलेही असतात. सगळे मारियामातेपुढे मेणबत्ती लावतात. पण त्या चर्चचं नाव सेंट मायकल चर्च आहे, आणि हा मायकल म्हणजे एक फरिश्ता, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल? सूरह बकराच्या 98व्या आयतीत जिब्रीलसोबत ज्याचं नाव येतं, तोच हा मीकाल, आपण ज्याला मीकाईल म्हणतो. चर्चपासून थोड्याच अंतरावर मखदूम अली माहिमींचा दर्गा आहे. कुरआनवर अरबीत तफ्सीर लिहिणारे हे आलिम 1431 साली वारले, म्हणजे पोर्तुगीज या किनाऱ्यावर यायच्याही आधी. मीकाईलचं नाव माहीमला काही पोर्तुगिजांनी आणलेलं नाही.

हे सांगायचं कारण वेगळं आहे. उपनगरांतली पुष्कळ मुस्लिम मुलं कॉन्व्हेंट शाळांत शिकतात. बाकावर शेजारी बसणारा मित्र सांगतो, "प्रत्येकाचा एक गार्डियन एंजल असतो, तो आपल्याला सांभाळतो." मूल घरी येऊन विचारतं, "माझापण आहे का?" आणि घरातलं मोठं माणूस दचकून म्हणतं, "ते लोक फरिश्त्यांची पूजा करतात, आपल्यात तसं नसतं." पालकांच्या तोंडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर लिहायलाच हवं. ते वाक्य चुकीचं आहे, आणि शेजाऱ्याच्या ईमानाबद्दल चुकीचं बोलणं ही आपल्या दीनमध्येही साधी गोष्ट नाही.

आधी शब्द पाहू. भाषा शिकवणाऱ्याला तिथून सुरुवात केल्याशिवाय चैन पडत नाही. ग्रीक 'अँगेलोस' म्हणजे निरोप्या. हिब्रू 'मलआख' आणि आपला अरबी 'मलक' हे सख्खे भाऊ, अर्थ तोच. फारसी 'फरिश्ता' म्हणजे पाठवलेला. मराठी बायबलने 'देवदूत' शब्द घेतला, तोही नेमका आहे. पण पेपरवाल्यांनी त्याचं पार भजं केलं. पुरातून कुणी कुणाला बाहेर काढलं की 'देवदूत बनून धावून आला'! त्यामुळे मराठी वाचणाऱ्याच्या मनात देवदूत म्हणजे स्वतःच्या ताकदीने वाचवणारा, असं ठसतं. दूत कुणाचा, हा प्रश्नच मागे पडतो.

ख्रिस्ती शिकवणीत तो प्रश्न पहिला आहे. नव्या करारातल्या इब्री लोकांना लिहिलेल्या पत्राचा पहिला अध्याय सांगतो की देवदूत हे सेवा करणारे आत्मे आहेत, आणि ज्यांना तारण मिळायचं आहे त्यांच्यासाठी त्यांना पाठवलं जातं. मत्तयच्या 18व्या अध्यायात येशू लहानांना तुच्छ मानू नका म्हणतात, कारण त्यांचे देवदूत सदैव स्वर्गातल्या पित्यासमोर असतात. लूकच्या 15व्या अध्यायात एका पापी माणसाने तौबा केली की देवदूतांसमोर आनंद होतो. हे वाचताना मला सूरह मोमिनची सातवी आयत आठवते. तिथे अर्श उचलून धरणारे फरिश्ते ईमानवाल्यांसाठी मगफिरत मागतात.

आता पूजेचं. बायबलच्या अगदी शेवटच्या अध्यायात, प्रकटीकरण 22 मध्ये, योहान देवदूताच्या पाया पडायला जातो. देवदूत त्याला थांबवतो. असं करू नकोस, मीही तुझ्यासारखाच सेवक आहे, देवापुढे झुक, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. इतक्या स्पष्ट नकारानंतर पूजेचा आरोप कुठे उरतो? आणि हे आपल्याला ओळखीचं वाटायला हवं. सूरह सबाच्या 40 आणि 41व्या आयतींत कयामतच्या दिवशी अल्लाह फरिश्त्यांना विचारतो की हे लोक तुमची इबादत करत होते का, आणि फरिश्ते ते साफ नाकारतात. सूरह निसाच्या 172व्या आयतीत तर मसीह आणि जवळचे फरिश्ते या दोघांबद्दल एकत्रच म्हटलंय की अल्लाहचा बंदा असण्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

फरक आहे, आणि तो झाकायचं कारण नाही. कॅथलिक लोक फरिश्त्याला उद्देशून प्रार्थना म्हणतात, आमच्यासाठी देवाकडे माग, आम्हाला सांभाळ, अशी. 29 सप्टेंबरला मायकल, गॅब्रिएल, राफाएल यांचा सण असतो, 2 ऑक्टोबरला रक्षक देवदूतांचा. त्यांच्या मते हा आदर आहे, इबादत नाही. प्रोटेस्टंट ख्रिस्ती हेही करत नाहीत. मध्यस्थ फक्त ख्रिस्त, असं ते मानतात. राफाएलची गोष्ट ज्या तोबितच्या पुस्तकात आहे, ते पुस्तकही त्यांच्या बायबलमध्ये नाही. आपण दुआ थेट अल्लाहकडे मागतो, म्हणून आपल्या मुलाने ती प्रार्थना म्हणू नये, हे माझंही मत आहे. पण "आपण म्हणत नाही" आणि "ते शिर्क करतात" यांत फार अंतर आहे. दुसरं वाक्य मूल उद्या मित्राला जसंच्या तसं ऐकवतं.

मग मुलाला सांगायचं काय? आपल्याकडे फरिश्ते म्हटलं की घरी आणि मकतबमध्ये दोन खांदे आठवतात, एकावर नेकी लिहिणारा, दुसऱ्यावर बदी लिहिणारा. आणि ते बहुतेक वेळा भीती घालायलाच सांगितलं जातं: खोटं बोलू नकोस, लिहिलं जातंय! किरामन कातिबीन खरेच आहेत, पण सूरह रअदची 11वी आयत किती घरांत मुलांना सांगितली जाते? माणसाच्या पुढे आणि मागे पाळीपाळीने येणारे फरिश्ते आहेत, अल्लाहच्या हुकमाने ते त्याची राखण करतात, असं ती सांगते. 'माझापण आहे का' विचारणाऱ्या मुलाला घाबरवायची गरजच नव्हती. "हो, आहेत, एकाहून जास्त आहेत, आणि त्यांना पाठवणाऱ्याकडेच आपण मागतो," एवढं उत्तर मुलाला पुरतं. मित्राला सांगायलाही ते चालतं.