एकलव्याचं कौतुक पुरे!

'स्वयंशिक्षित' हा आम्हा आयटीवाल्यांचा फार लाडका शब्द. कॉलेजात शिकवलेलं काही कामाला आलं नाही, सगळं माझं मीच शिकलो, हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी टाकलेलं असतं. त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती सोळा वर्षांच्या पोरांच्या हातात बांबू देऊन त्यांना हेच तत्त्वज्ञान ऐकवण्याला.

विषय आहे पोल व्हॉल्ट, म्हणजे आपली बांबू उडी. अमेरिकेतल्या बऱ्याच हायस्कुलांत हा खेळ असतो, पण तो शिकवणारा असतोच असं नाही. माझ्या एका सहकाऱ्याचा पुतण्या तिकडे दहावीत आहे. शाळेत गादी आहे, पोल आहेत, कोच मात्र फक्त धावण्याचा. "पोरगं सगळं यूट्यूबवरून शिकतंय, बघ!" असं म्हणून त्याने अभिमानाने व्हिडिओ दाखवला. टेक-ऑफचा पाय वरच्या हाताच्या बरोबर खाली पडायला हवा. या मुलाचा चांगला हातभर पुढे पडत होता. (हे कळायला तज्ज्ञ असावं लागत नाही. व्हिडिओ थांबवायचा आणि वरच्या हातापासून सरळ खाली रेघ धरायची.) फोनवर विचारलं तर म्हणतो, "नाही काका, माझा पाय बरोबर पडतो."

तो खोटं बोलत नव्हता. पूर्ण वेगात धावताना आपला पाय नेमका कुठे पडला हे स्वतःला कळतच नाही. बाजूला उभं राहून "पाय पुढे गेला, खूण मागे घे" असं त्याच क्षणी ओरडणारं कुणीतरी लागतं.

प्रोग्रामिंग एकट्याने शिकता येतं, कारण चुकलं की कंपायलर लगेच शिव्या घालतो आणि त्या शिव्या फुकट असतात. बांबू उडीत एरर मेसेज मानेवर येतो. 2002 या एकाच वर्षात अमेरिकेत तीन तरुण व्हॉल्टर पडून गेले. त्यानंतर गाद्या मोठ्या झाल्या, आणि 2014-15 पासून हायस्कूल स्पर्धांत पोल टेकवायच्या खाचेभोवती मऊ कडं सक्तीचं झालं. मुलाचं वजन पोलवर छापलेल्या वजनापेक्षा जास्त असता कामा नये, हाही तिथला नियम आहे. यातलं एकही वाक्य कौतुकाने लाईक केलेल्या व्हिडिओत सापडत नाही.

इथे हमखास ज्युलियस येगोचं उदाहरण येतं. केनियाचा भालाफेकपटू, यूट्यूब बघून शिकला आणि 2015 साली बीजिंगमध्ये 92.72 मीटर फेकून जगज्जेता झाला. खरं आहे. पण त्याआधी तो फिनलंडमध्ये जाऊन रीतसर कोचकडे शिकला होता, हे सांगताना सगळे विसरतात. आणि भाला चुकला तर गवतात जाऊन पडतो. बांबू उडीत भाला तुम्ही स्वतः असता!

डुप्लांटिसचंही तेच. घरामागच्या अंगणात शिकला म्हणे. हो, पण त्या अंगणात बाप उभा होता, आणि तो बाप स्वतः 5.80 मीटर उडी मारलेला व्हॉल्टर. 2025 साली टोकियोत पोराने 6.30 मीटरचा विश्वविक्रम केला, तो काय एकट्याच्या जिद्दीवर?

मग एकट्याने काहीच करू नये का? भरपूर करावं. साधं गणित आहे : उंची म्हणजे वेगाचा वर्ग भागिले दोन जी. सेकंदाला 7.5 मीटर वेगाने 2.9 मीटर मिळतात, 8 मीटरने 3.3. (शरीराचा गुरुत्वमध्य मुळातच मीटरभर वर असतो, तो वेगळा.) म्हणजे वेग वाढवणं हेच निम्मं काम, आणि ते एकट्याने होतं. पुलअप्स, दोरी चढणं, जमेल तिथे मल्लखांब, चालता चालता पोल वर नेण्याचा सराव, सगळं एकट्याने करा. पण पाय जमिनीवरून सुटणार असतील तर जाणकार माणूस बाजूला हवा. तो मिळेपर्यंत पकड खाली, धाव तीन पावलांची. ज्यांना हा भित्रेपणा वाटतो त्यांनी स्वतः उडी मारून बघावी.

आपल्याकडे तर विचारूच नका. विजय पाल सिंग यांचा 1987 चा 5.10 मीटरचा राष्ट्रीय विक्रम थेट 2018 मध्ये मोडला. शिवाने 5.15 मीटर मारली. 31 वर्षांत 5 सेंटीमीटर! एवढ्या मोठ्या देशात जिद्दी पोरं नव्हती म्हणून? गाद्या, पोल आणि शिकवणारे नव्हते, असं माझं स्पष्ट मत आहे.

एकलव्याच्या गोष्टीत आपण शिष्याचं इतकं कौतुक करतो की शिकवायला नकार देणारा अलगद सुटतो. इथेही तेच होतं. मुलाला 'स्वयंशिक्षित' म्हटलं की कोच नेमायची जबाबदारी कुणाचीच उरत नाही. तेव्हा पुढच्या वेळी असा व्हिडिओ आला तर टाळ्या वाजवण्याआधी एकच प्रश्न विचारा : याला शिकवायला कुणी का नव्हतं? आणि उत्तर शाळेकडून घ्या, पोराकडून नको.