हिशेबाची वही आणि तिची किल्ली

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज-१० या आपल्या प्रणालीची मोफत देखभाल थांबवली. या घटनेचा सातारा-सांगलीच्या जनजीवनाशी काय संबंध, असे कोणास वाटेल. परंतु पतसंस्थांत, विकास सोसायट्यांत, शाळांत आणि ग्रंथालयांत जे जुने संगणक आहेत, त्यांपैकी साधारणतः २०१७ पूर्वीच्या यंत्रांना कंपनीच्या अटींनुसार पुढची विंडोज-११ ही प्रणाली चालत नाही. यंत्र धडधाकट असले तरी ते निकालात काढावे, असाच याचा अर्थ. कॅनालिस या बाजार-अभ्यासक संस्थेने २०२३ साली वर्तविलेल्या अंदाजानुसार जगभरातील सुमारे २४ कोटी संगणक यामुळे भंगारात जाण्याची शक्यता होती. ज्यांना घरच्या यंत्रासाठी एक वर्षाची जादा सेवा हवी होती, त्यांना कंपनीकडे खाते उघडण्याची अट घालण्यात आली. यंत्र ग्राहकाचे, पैसा ग्राहकाचा. ते किती दिवस चालावे आणि चालवणाऱ्याने आपली नोंद कोणाकडे करावी, हे ठरवणार मात्र कंपनी!

मालकीचा हा प्रश्न या भागाला नवा नाही. १८७५ साली पुणे-नगर भागातील शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतील कर्जरोखे बाहेर काढून जाळले. त्यानंतर १८७९ साली जो दख्खनचा शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला, तो सातारा जिल्ह्यालाही लागू होता. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग त्या वेळी साताऱ्यातच मोडत असे. या कायद्याने कर्जदाराला भरलेल्या पैशांची पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क दिला. ज्याचा हिशेब, त्याला तो पाहता आला पाहिजे, हे तत्त्व त्यामागे होते. पुढे सहकारी चळवळीने याच्याही पुढचे पाऊल टाकले आणि वहीच सभासदांच्या मालकीची केली.

आता ती वही संगणकात गेली आहे. २०२२ साली केंद्र सरकारने ६३ हजार प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. कोणाचे कर्ज थकले, कोणी मुलीच्या लग्नासाठी सोने तारण ठेवले, कोण कोणास जामीन राहिला, ही गावाची सारी अंतर्गत कहाणी आता यंत्राच्या स्मृतीत साठत आहे. संगणक सुरू होताच जी मूळ प्रणाली त्याचा ताबा घेते आणि बाकीच्या सर्व कामांना वाट देते, ती जर परकीय कंपनीची बंद पेटी असेल, तर वही सभासदांची, पण किल्ली दुसऱ्याच्या हाती, अशी स्थिती होते.

हे भय काल्पनिक नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने गुजरातेतील वाडीनार येथील तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीवर निर्बंध लादले. भारतात ते निर्बंध लागू नव्हते. तरीही मायक्रोसॉफ्टने नायराच्या कर्मचाऱ्यांची टपाल व संपर्काची सेवा बंद केली. पैसे भरून घेतलेल्या या सेवेसाठी कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले आणि त्यानंतरच सेवा पूर्ववत झाली. नायरापाशी वकिलांची फौज होती. खानापूर किंवा माण तालुक्यातील एखाद्या पतसंस्थेवर असा प्रसंग आला, तर ती कोणाच्या दारी जाणार?

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो : ज्याच्याकडे लपविण्यासारखे काही नाही, त्याने खाजगीपणाची चिंता का करावी? हा प्रश्न निदान सातारा-सांगलीत तरी विचारला जाऊ नये. क्रांतिसिंह नाना पाटील १९४२ नंतर चार वर्षे भूमिगत राहिले आणि प्रतिसरकार उभे राहिले ते कशाच्या बळावर? कोणत्या घरात भाकरी जाते आणि रात्रीचा मुक्काम कोठे आहे, हे ठाऊक असूनही माणसे बोलली नाहीत, म्हणून. ती माणसे गुन्हेगार नव्हती. आपल्याविषयी सत्तेने काय जाणावे आणि काय जाणू नये, हे ठरविण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे ठेवला होता. खाजगीपणा हा श्रीमंतांचा शौक नसून दुर्बलांची ढाल आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले. परंतु २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देण्याची मुभा केंद्र सरकारने स्वतःकडे ठेवली. कायद्याची ढाल अशी अपुरी असताना साधनांची निवड अधिकच महत्त्वाची ठरते.

तसे साधन उपलब्ध आहे. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला आणि १९९१ साली लिनस टोरवाल्डस या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्स हा तिचा गाभा पुरविला. ही प्रणाली कोणीही वापरावी, तिची रचना वाचावी, ती बदलावी आणि दुसऱ्यास द्यावी. मराठीत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे दोन शब्द वेगळे आहेत, हे येथे उपकारक ठरते. ती बहुधा फुकट मिळते, ही गौण गोष्ट. ती मुक्त आहे, हे तिचे मर्म. १८७९ च्या कायद्याने कर्जदाराला जो वही पाहण्याचा हक्क दिला, त्याचेच हे आजचे रूप होय. शिवाय विंडोज-११ ने नाकारलेल्या अनेक जुन्या यंत्रांवरही ती उत्तम चालते.

अडचणी आहेत, आणि त्या झाकून चालणार नाही. अनेक संस्थांचा जमाखर्च टॅली या आज्ञावलीवर चालतो आणि ती विंडोजसाठी घडविलेली आहे. जुने मराठी दस्तऐवज श्रीलिपीसारख्या टंकांत अडकले आहेत. ते युनिकोडमध्ये आणण्याचे कष्ट घ्यावे लागतील. मुक्त प्रणाली बसविली म्हणजे माहिती आपोआप सुरक्षित झाली, असेही नाही. खिशातला फोन आणि दुबळा परवलीचा शब्द यांची गळती ती थांबवू शकत नाही. म्युनिक शहराच्या प्रशासनाने २००३ साली लिनक्सचा मार्ग धरला आणि २०१७ साली परत फिरण्याचा निर्णय घेतला. राजकीय निर्धार ढळला की तंत्र एकटे टिकत नाही, हा त्याचा धडा. उलट जर्मनीच्याच श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याने २०२४ साली सुमारे ३० हजार सरकारी संगणक मुक्त साधनांकडे नेण्याचे जाहीर केले. केरळने तर आपल्या सरकारी शाळांत मुक्त प्रणाली रुजविली, शिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि ती मल्याळममधून वापरता येईल अशी केली. तेथे हे काम एकेका हौशी माणसावर न सोडता सार्वजनिक संस्थेने अंगावर घेतले, म्हणून ते टिकले.

सातारा-सांगलीला अशा संस्थांची वाण नाही. ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र देणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था साताऱ्यात आहे, १९४७ साली स्थापन झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय सांगलीत आहे. विद्यार्थ्यांनी सुटीत तालुक्यातील संस्थांचे जुने संगणक मुक्त प्रणालीवर आणून द्यावेत, टॅलीसाठी हवे तर एखादे यंत्र वेगळे ठेवावे, आणि यापुढील प्रत्येक करारात संस्थेची माहिती खुल्या स्वरूपात परत मिळण्याची अट असावी. हे सर्व आजच्या आज सुरू करता येण्याजोगे आहे.

आणि सुरुवात सभासदांनी करावी. वार्षिक सर्वसाधारण सभेत नफ्याचा, लाभांशाचा प्रश्न विचारला जातोच. त्याच्या जोडीला आणखी तीन प्रश्न विचारावेत : आमची वही कोणत्या प्रणालीवर आहे, ती कोठे ठेवली आहे, आणि आमच्याखेरीज ती कोणाला उघडता येते? या प्रश्नांची उत्तरे संचालकांपाशी नसतील, तर ती मिळेपर्यंत तो विषय कार्यक्रमपत्रिकेवरून हलू देऊ नये.