नकाशातील जिना

गृहकर्जाच्या प्रकरणांतून असंख्य घरांचे नकाशे नजरेखालून गेले. मारेगावसारख्या गावी व्यापारी कुटुंबाचा नकाशा बहुधा ठरलेला : खाली दुकान, वर घर. गुडघे थकले की आईवडील वरच अडकतात.

अमेरिकेत क्लिफ मे यांनी १९३० च्या दशकापासून निराळी घरे रेखाटली : एकमजली, पसरट, अंगणाभोवती वळलेली. त्यांच्या सहकार्याने ‘सनसेट’ मासिकाने १९४६ मध्ये अशा घरांचे पुस्तकही काढले. आपल्या वाड्याचा चौक आठवावा, अशीच ही रचना.

मात्र दोन मजल्यांचे क्षेत्रफळ एकावर पसरले, की पाया आणि छत दोन्ही दुप्पट. त्यातून आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तेव्हा निदान वडीलधाऱ्यांची खोली व न्हाणीघर तरी तळमजल्यावर घ्यावे. गोदाम काहीसे आखूड होईल, इतकेच.