पाहुणचाराचं बिल

पाहुणा म्हणजे देव, हे मला मान्य आहे. पण देवळाच्या तीन दारांवर तीन तिकिटं फाडायला लागले, तर माणूस रस्त्यावरूनच हात जोडतो. तलवारबाजीच्या 'सोलकॅलिबर २' या व्हिडिओ गेमनं २००३ साली हेच केलं. खेळ एकच, पण गेमक्यूबवर पाहुणा 'झेल्डा'तला लिंक, प्लेस्टेशन २ वर 'टेक्केन'मधले हेइहाची आजोबा, एक्सबॉक्सवर कॉमिक्समधला स्पॉन. तिघांना भेटायचं, तर तीन यंत्रं घ्या! आमच्या काउंटरवर एका ठेवीसाठी तीन खाती उघडायला सांगितली, तर खातेदार थेट मॅनेजरची केबिन गाठेल.

२००८ च्या चौथ्या भागात तीच तऱ्हा. डार्थ व्हेडर एका यंत्रावर, योडा दुसऱ्यावर. राहिलेला पुढे जादा पैसे भरून मिळाला. २०१९ साली 'टेक्केन ७'मध्ये 'द वॉकिंग डेड'मधला नेगन बॅट घेऊन आला, तोही वेगळ्या पैशांनी.

"पण बाबा, पाहुणे आले की मजा येते," आमचे चिरंजीव म्हणाले. येऊ देत की! लिंक परक्या घरी तलवार फिरवतो, ते मलाही आवडतं. फक्त ज्यानं बोलावलं, त्यानंच चहा पाजावा. कपबशीचे पैसे माझ्या खात्यात नावे टाकू नयेत!