ध्वनीच्या आड दडणारे

गेल्या वर्षी काशीतील एका गणेशोत्सवात, सरकारी सेवेतून निवृत्त झालेल्या एका व्याख्यात्यांनी असे प्रतिपादन केले की, आडून बोलणे ही आपली अभिजात परंपरा होय, आणि आनंदवर्धनाने जो काव्याचा आत्मा मानला तोच ध्वनी कुशल अधिकाऱ्याच्या टिपणीत वास करतो. श्रोत्यांत आपले मराठी अधिकारी पुष्कळ होते. टाळ्याही पुष्कळ पडल्या. त्या टाळ्यांपायीच हे लिहिणे भाग पडत आहे.

नवव्या शतकात काश्मिरात होऊन गेलेल्या आनंदवर्धनाने दिलेले एक प्रसिद्ध उदाहरण आपल्या घरचेच आहे. ती गाथा महाराष्ट्री प्राकृतातील, हालाच्या गाथासप्तशतीतील. एक स्त्री एका धार्मिक गृहस्थाला निर्धास्त हिंडावयास सांगते, कारण त्याला भिवविणारा कुत्रा गोदातीरीच्या कुंजात राहणाऱ्या सिंहाने मारला आहे! वाच्यार्थ 'हिंड', व्यंग्यार्थ 'इकडे फिरकू नकोस'. हा दुसरा अर्थ व्यंजनेने कळतो की निव्वळ अनुमानाने, यावर पुढे महिमभट्टाने ध्वनिवाद्यांशी कडाक्याचे भांडण मांडले. परंतु अर्थ निश्चित आहे, याविषयी दोन्ही पक्षांत मतभेद नव्हता.

याच काशीत नागेशभट्ट काळे यांनी जगन्नाथ पंडिताच्या 'रसगंगाधरा'वर टीका लिहिली आणि वैयाकरणांनीही व्यंजना मानली पाहिजे असा आग्रह धरला. त्यांच्या मते व्यंग्यार्थ कळतो तो श्रोत्याच्या प्रतिभेने आणि बोलणारा कोण, ऐकणारा कोण या ज्ञानाने. म्हणजे वक्ता हा अर्थाचाच एक घटक ठरला. मग अर्थ पोहोचल्यावर वक्त्याने अंग काढून घ्यावे, ही सोय नागेशभट्टांच्या शास्त्रात कोठे बसते?

आता कचेरीतील ध्वनी पाहा. माझ्या माहितीतील एका कार्यालयात ठेकेदाराचे एक बिल मोजमापाअभावी अडले होते. साहेबांनी नस्तीवर लिहिले, 'प्रकरण फार दिवस पडून आहे. पाहावे.' हाताखालच्या कारकुनाने जो अर्थ घ्यावयाचा तो घेतला; तो न घेता तर त्याची बदली ठरलेली होती. बिल निघाले. पुढे चौकशी लागली तेव्हा साहेब शांतपणे म्हणाले, "मी केवळ पाहावे असे लिहिले होते." कारकुनाच्या दोन वेतनवाढी कायमच्या रोखल्या गेल्या. व्याख्याते महाशयांनी यातील रस कोणता तेही सांगावयास हवे होते.

मी सूचकतेचा वैरी नाही. खाडिलकरांचे 'कीचकवध' 1907 साली रंगभूमीवर आले. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे पिटातल्या प्रेक्षकालाही कळत होते. सरकारलाही कळले आणि 1910 साली नाटकावर बंदी आली. तेथे उघड बोलणाऱ्यासाठी तुरुंग होता. दुर्बळाने सबळाला आडून सुनावले आणि तेही नाटकावर स्वतःचे नाव घालून. आमचे साहेब आडून बोलतात ते खालच्या माणसाशी. ज्यांना स्पष्ट आज्ञा देण्याचा अधिकार आहे, किंबहुना त्यासाठीच ज्यांना वेतन मिळते, त्यांना व्यंजनेची गरज का भासावी? उत्तर उघड आहे: खाडिलकरांना अर्थ पोहोचवावयाचा होता, यांना तो पोहोचवून शिवाय नाकारावयाचा आहे.

परप्रांतात आपण थोडे आहोत, जपून बोलावे लागते, असा बचाव मी अनेकांकडून ऐकला आहे. तो वरिष्ठांपुढे एक वेळ खरा मानू. पण कारकुनापुढे कसले जपणे?

ते कारकून आता निवृत्त आहेत. त्यांच्या निवृत्तिवेतनात त्या दोन वेतनवाढी आजही दर महिन्याला उण्या पडतात. साहेबांचे निवृत्तिवेतन पुरे आहे. पुढील उत्सवात हाच विषय पुन्हा ठेवावयाचा असल्यास त्या गृहस्थांनाही आमंत्रण जावे, एवढी कार्यकर्त्यांस विनंती आहे, आणि ती मी स्पष्ट शब्दांत करीत आहे.